माळा शेवटी मोडायचा

“तिथंच थांब. बाजंपासनं दोन हात लांब,” नाना म्हणाले. “हत्यार मांडल्यालं आसताना परवानगीबिगर फुडं याचं न्हाई.”

खंडेनवमीची सकाळ होती. नानांच्या अंगणात बाज टाकलेली. बाजेवर पलटणीतलं हिरवट ब्लँकेट, एक सुरकुती सापडणार नाही असं ताणलेलं. डाव्या अंगाला जेवणाचं मेसटिन, पाण्याची बाटली, पट्टा. उजव्या अंगाला टाचा जुळवून ठेवलेले बूट. आणि मधोमध ती.

मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसलो होतो. रायफल फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. गावात बंदूक होती ती एकच, सर्जेराव इंगवल्यांची दुनळी. लग्नात हवेत उडवायची आणि रानडुकरामागं न्यायची. पण बाजेवरच्या त्या हत्यारापुढं सर्जेरावांची दुनळी म्हणजे भात कांडायचं मुसळ. ही लांब, सडपातळ. तपकिरी लाकडाचा दस्ता तेलानं चमकत होता. काळीभोर नळी, नळीच्या टोकाला खाचा पाडलेलं तोंड, वर उचलून न्यायची मूठ, पोटाखाली चौकोनी मॅगझिन. बघताना माझ्या तळहातांना घाम आला. बाईकडं बघून येतो तसला नव्हे. वेगळा.

“नाना, खरी हाय?”

“तुझा चुलता खरा हाय का?”

“हाय की.”

“मग?”

दारातून काकी म्हणाली, “खरा हाय, पर कामाचा न्हाई.” आणि हसत आत गेली.

नाना म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, हवालदार आबाजी रणपिसे. पलटणीतून पेन्शनीवर आले आणि थेट घरी न येता कराडला एका जोडीदाराकडं महिना-दोन महिने राहिले. तो जोडीदार पलटणीत सुतार होता. मग एक दिवस एसटीतून उतरले तर खांद्यावर लांबलचक होल्डॉल. आत काय, कुणी विचारलं तर म्हणायचे, “अंथरूण.” ते अंथरूण त्यांनी खंडेनवमीला उलगडलं.

शेजारचे धोंडीआप्पा काठी टेकत आले. वस्तीत सगळ्यांत म्हातारे तेच. त्यांच्या कपाळाला आठ्या.

“आबाजी, आपुन धम्म घेतला. आता शस्त्रपूजा कशापायी काढलीस?”

“पूजा कुठं हाय आप्पा? हळद हाय का? कुकू हाय? ह्येला किट लेआउट म्हंत्यात. मोठा साहेब तपासणीला आला की आमी आसं मांडून उभं ऱ्हायाचो.”

“मग साहेब कुठाय?”

नानांनी गल्लीच्या तोंडाकडं बघितलं. “येतील.”

आणि आले.

आमच्या कुसळवाडीत खंडेनवमीला गावाची हत्यारं मारुतीच्या देवळात मांडतात. गंजक्या तलवारी, दोन भाले, सर्जेरावांची दुनळी. सगळं गाव बघायला जातं. आम्ही पाराखालून बघायचो. ज्यांच्या घरातून तीन-तीन पिढ्या लढाईवर गेल्या ते पाराखाली, आणि ज्यांनी आयुष्यात कोंबडीसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेतली ते वर, तलवारीला हळद लावत. त्या दिवशी उलटं झालं. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली, की म्हारवाड्यात मिलिट्रीची रायफल आली आहे. कागदावर आमची बौद्धवस्ती. गावाच्या तोंडी काय ते मी लिहिलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक आडवं गटार होतं. गाव त्या गटारापर्यंत यायचं, पलीकडं पाय टाकायचं नाही. मतं मागायला यायचं, तेव्हाही चहा नको म्हणायचं. त्या दिवशी गटाराच्या काठाला ही गर्दी. पोरं खांद्यावर, बाया पदर सावरत. अंगण तिथून दिसायचं, पण चांगलं लांब.

सर्जेराव आले तेव्हा गर्दीनं वाट दिली. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गुलाल. गटाराच्या काठाशी थांबले.

“काय रं आबाजी, काय ही?”

“सेल्फ लोडिंग रायफल, सर्जेराव. एसेलार.”

वस्तीतला कुणी त्यांना ‘अण्णा’ न लावता बोलला, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

“म्हंजी?”

“एकदा कॉक केली की घोडा दाबत जायाचं. फुडची गोळी आपली आपुन नळीत.”

“आन् लायसन?”

“दावतो की. आत या. च्या घ्या.”

सर्जेरावांनी गटाराकडं बघितलं. मग धोतराचा सोगा धरला.

“नगं. घाईत हाय जरा,” म्हणाले आणि वळले.

नानांनी बाजेवरची एक न दिसणारी सुरकुती हातानं सारखी केली.

*

हे सगळं कशासाठी होतं ते सांगतो, कारण ते रायफलीसाठी नव्हतं.

डोंगराच्या पलीकडं गायरान आहे. सरकारची पड जमीन. वस्तीतल्या घरांनी दगडं वेचून, कुसळं जाळून तिथं थोडी थोडी पट्टी मोडली होती. नांगर धरायला दुसरी जमीन आमच्या नशिबात नव्हती. रब्बीला ज्वारी पेरायची. आणि दर साली ज्वारी हुरड्याला आली की इंगवल्यांची गुरं ‘आपोआप’ सुटायची. कळपच्या कळप. एका दुपारीत वर्षाची भाकरी गुरांच्या पोटात. विचारायला गेलं की सर्जेराव हसायचे. “जनावराला काय कळतंय गड्या? गायरान म्हंजी गुरांचंच की.” तक्रार कुठं करणार? जमिनीचा कागद नाही. कागद नाही त्याची भाकरी चोरली तर ती चोरी होत नाही, ती चराई होते.

त्या साली दसऱ्याला ज्वारी वीतभर होती. दसरा झाला आणि नानांनी गायरानात माळा घातला. बाभळीचे चार खांब, वर लिंबाच्या फांट्या, बाजूनं कडब्याचा आडोसा. रोज सकाळी खांद्यावर ब्लँकेटात गुंडाळलेली रायफल घेऊन जायचे, दिवस बुडताना यायचे. मी भाकरी घेऊन जायचो. मला माळ्याच्या एका टोकाला बसायची मुभा होती. रायफल नानांच्या पलीकडं, ब्लँकेटाखाली. तिला हात लावायचा नाही हा हुकूम.

“पलटणीत आसताना काय वाटायचं वं तिला हातात धरल्यावर?” मी एकदा विचारलं.

नाना भाकरी मोडत म्हणाले, “सुरवातीला काय न्हाई. जड वाटायची. पळताना बरगड्यात हाणायची. फायर केली की खांद्याला गाढवागत लाथ. मग रोज पुसायची, नळीत चिंधी घालून वढायची. झोपताना शेजारी. महिन्याभरानं अंधारात दहा रायफलींत हात घातला तर माझी मला कळायची. दस्त्याला एक गाठ हुती तिच्या. हितं.” त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. “नेम धरताना हितं लागायची.”

“मग सोडून येताना?”

“कोताच्या खिडकीतनं आत दिली.” कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली, हे मला नानांकडूनच कळलेलं. “आतला शिपाई म्हणला, जमा. मी म्हणलं, जमा. बास. बाहीर आलो तर खांदा एका अंगाला वर जात हुता. वजन नव्हतं न्हवं.”

मी ब्लँकेटाकडं बघितलं. खिडकीतून आत दिली, तर मग ही कुठली? पण हा प्रश्न मी विचारला नाही. मला वाटलं, चुलत्यानं काहीतरी मोठी करामत केली आहे, आणि ती न विचारण्यातच शहाणपण. नाना रोज रात्री दस्त्याला अळशीचं तेल लावायचे आणि ती भिंतीला टेकवायच्या ऐवजी आढ्याला टांगायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “वाळवी लागंल.” मला तेही पटलं. दस्ता लाकडाचाच की.

पौषात एकदा इंगवल्यांचा गुराखी कळप घेऊन बांधावर आला. दर सालचा रस्ता गुरांना पाठ होता, ती सरळ ज्वारीकडं निघाली. नाना उभे राहिले. ब्लँकेट बाजूला टाकलं. रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला आणि तसेच राहिले. शिवी नाही, आरोळी नाही. कावळा बसला असता खांद्यावर तर उडाला नसता, इतकं स्थिर.

गुराखी लांबूनच ओरडला, “ओ हवालदार! ओ! वळवतो, वळवतो!” त्यानं गुरांच्या नाकावर काठ्या घालून कळप फिरवला. मालकाचेच बैल मारायला निघाला होता बिचारा.

माझं रक्त उसळलं. “नाना, एक उडवा की. हवंत तरी!”

नाना खाली बसले. “उडवायची पाळी आली म्हंजी रायफल हारली,” म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. थंडीचे दिवस होते.

त्या दिवसापासून माझी चाल बदलली. गावातल्या हॉटेलात आमचा चहा बाहेरच्या फळीवर यायचा आणि पिऊन झाला की कप आपण विसळून पालथा घालायचा. कुणी सांगायचं नाही, लहानपणापासून हाताला वळण. नापास झालेल्या पोरालाही हा धडा पाठ असतो. एक दिवस मी कप विसळायला उठलो तर हॉटेलवाला म्हणाला, “ऱ्हाऊ दे उत्तमराव, पोरगं इसळंल.” उत्तमराव! मी घरी पळत आलो.

“नाना, मला बी पायजे एक.”

“काय?”

“रायफल. तुमच्यासारखी. कायबी करून.”

“कशाला?”

मी कपाचं सांगितलं. नानांनी बिडी पेटवली.

“देश राखाय सरकारनं फुकाट दिली हुती,” ते म्हणाले. “कप राखायला इकत घ्यावी लागनार म्हन.”

मला त्यातली खोच तेव्हा लागली नाही. मी माझ्या मनातल्या रायफलीचा दस्ता पुसत होतो.

*

दाणा टणक झाला. ताटं पिवळी पडली. चार-सहा दिवसांत काढणी धरायची होती, तेवढ्यात जीप आली.

जीप गटार ओलांडून थेट अंगणात आली. सरकारी चाकाला विटाळ नसतो. फौजदार शिकलगार उतरले. तालुक्याच्या ठाण्याला नवीन होते, पंचविशी-तिशीचे. बरोबर तीन पोलीस. सर्जेरावांनी तक्रार दिली होती, की आबाजी रणपिसे यानं लष्करातून रायफल चोरून आणली आहे आणि गावाला दहशत घालतो आहे.

पोलिसांनी घर उसकटलं. कणगी उपसली, कौलं काढली, काकीची ट्रंक पालथी केली. आढ्याची दोरी रिकामीच लोंबत होती. नाना अंगणात सावधान उभे.

“कुठं आहे?” फौजदारांनी विचारलं.

“कोतात जमा केली, साहेब. सरकारची वस्तू सरकारला.”

“गावानं डोळ्यांनी पाहिलीय.”

“मग गावाला इचारा.”

एका पोलिसानं नानांच्या कानाखाली वाजवली. नाना हलले नाहीत. आवाज मात्र मला अजून ऐकू येतो. फौजदार त्या पोलिसाकडं बघून “पुरे” म्हणाले, पण वाजवल्यानंतर.

जीपमध्ये चढताना नानांनी मला हाक मारली. “उत्तम, ज्वारी उद्याच धरा. समद्यास्नी घे. आन् आयक, माळा शेवटी मोडायचा.”

“शेतीचं मागनं बोल रं,” पोलीस म्हणाला आणि आत ढकललं.

जीप गेली. धुरळा खाली बसला. मग काकीनं पदर खोचला.

“ऐकलं न्हवं? उद्या म्हणलं म्हंजी उद्या.”

“काकी, त्यास्नी मारत्याल तिथं! रायफल कुठं हाय सांग, मी नेऊन देतो. सुटत्याल.”

“मला म्हाईत न्हाई,” काकी म्हणाली. माझ्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला सगळी वस्ती गायरानात. बाया, गडी, धोंडीआप्पासुद्धा. ज्वारी उपटायला जोर लागतो, ताट मुळासकट ओढायचं, माती झटकायची, पेंडी बांधायची. तळहाताची साल जाते. मी सकाळी काढणीला आणि दुपारी ठाण्यावर भाकरी घेऊन.

नाना कोठडीत नव्हते. बाहेरच्या बाकाच्या मागं, जमिनीवर बसवले होते. अटक कागदावर घेतलीच नव्हती ना. गाल सुजून डोळा बारीक झालेला. भाकरी चावता येईना म्हणून आमटीत बुडवून गिळत होते.

“किती ऱ्हायलं?” त्यांनी विचारलं.

“खालचं खांड झालं. मधलं धरलंय. नाना, सांगून टाका ना...”

“माळा?”

“उभा हाय.”

“बास. जा.”

परत येताना मला रडू आलं आणि रागही. काय माणूस आहे! मार खातोय आणि माळ्याचं विचारतोय. आणि मग, डोंगराच्या वळणावर, माझ्या डोक्यात उजेड पडला. माळा शेवटी मोडायचा.

मी धावत गायरानात आलो. बाया सावलीला भाकरी खायला बसल्या होत्या. मी माळ्याखाली गेलो. चार खांब, वरच्या फांट्या, आडोशाचा कडबा. कडब्यात हात घातला. काही नाही. खांब चाचपले. मागच्या खांबाला कडब्याची पेंडी सुतळीनं गच्च बांधलेली होती. तक्रारीची कुणकुण लागताच नानांनी बांधली असावी. सुतळी दातानं तोडली. आत तेलाचा वास. माझा हात दस्त्यावर पडला.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला धरलं. जड होती. मी तिला ओढून मांडीवर घेतली, नळीवरून हात फिरवला, मॅगझिनवर, घोड्यावर. घोडा दाबला. दबेना. कॉक करायची खुंटी ओढली. हलेना. नखानं मॅगझिनचा काळा रंग खरवडला.

खाली पिवळं लाकूड निघालं.

मी ती उलटीपालटी करून बघितली. नळी खरी लोखंडाची, नळाच्या पाइपाची. बाकी सगळं सागवान. खाचा, मूठ, स्क्रूची डोकीसुद्धा कोरलेली. आणि दस्त्यावर, गाल टेकतो तिथं, एक गाठ. ती लाकडाची मूळची नव्हती. मुद्दाम कोरून, वाळूकागदानं घासून उठवलेली.

“बघितलंस?” मागं काकी उभी होती.

“तुला म्हाईत हुतं?”

“आढ्याला टांगून वाळवीपास्नं जपायचं हत्यार मी दुसरं बघितलं न्हाई बाबा.”

“मग चल ना! आत्ता नेऊन टाकतो फौजदारापुढं. लाकडाचा काय गुन्हा हाय? आत्ता सुटत्याल.”

काकीनं माझं मनगट धरलं. तिचा तळहात सोलून निघाला होता, रक्ताचा चिकटा माझ्या हाताला लागला.

“आन् मग? ‘लाकूड हाय’ ही बातमी गावात पोचाय किती येळ लागंल? वरलं खांड अजून उभं हाय, उत्तम. चार घरांचं हाय ते. संध्याकाळच्या आत गुरं सुटत्याल.”

“पर नाना मार खात्यात!”

“आमचा नवरा-बायकोचा हिशेब मी बघीन,” ती म्हणाली. आवाज जरा फाटला, मग सरळ झाला. “त्येंनी सांगितलंय काय? आधी ज्वारी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्याची भीती होती ते आलं. बांधावर सर्जेराव स्वतः, मागं गुराखी आणि कळप. हवालदार नाही, मग बघावं म्हणून. वरच्या खांडात बाया वाकलेल्या. कुणी मान वर केली नाही, पण सगळ्यांचे हात थांबले.

मी माळ्यावर होतो. काकीनंच बसवलं होतं, ब्लँकेट पांघरून. मी उठलो. ती ब्लँकेटाखालून खांद्याला लावली, नुसतं तोंड बाहेर. गाल टेकवला. गाठ बरोबर गालावर आली. पाठ खांबाला टेकवली. पलीकडं चांगल्या पंधरा-वीस गुरांचा कळप आणि माझ्या हातात एक लाकूड.

“ए उत्त्या!” सर्जेराव ओरडले. “काय हाय रं त्ये?”

मी बोललो नाही. बोललो असतो तर आवाज कापला असता.

गुराखी म्हणाला, “अण्णा, चुलत्यागत पोरगं बी येडंच आसंल. चला.”

सर्जेराव थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी काठीनं स्वतःच पुढच्या बैलाला मागं लोटलं. कळप वळला. त्या दिवशी मला कळलं की नानांच्या कपाळावर थंडीत घाम का होता.

दिवस बुडायला शेवटची पेंडी वस्तीत पोचली. कणसांची रास धोंडीआप्पांच्या अंगणात. मग आम्ही माळा मोडला.

*

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी आणि काकी ठाण्यावर गेलो. मी ब्लँकेटातलं ओझं फौजदारांच्या टेबलावर ठेवलं. एक कोपरा सरकला, नळी दिसली, आणि त्या दिवशी कानाखाली वाजवणारा पोलीस भिंतीला जाऊन लागला.

“हात वर! हात वर कर रं!”

मी हात वर केले. फौजदारांनी ब्लँकेट उलगडलं. रायफल उचलली, वजन तोललं, मान हलवली. खुंटी ओढली. पुन्हा ओढली. मग बोटाच्या पेरानं मॅगझिनवर ठोकलं.

टक टक.

फौजदारांनी बाकामागं बसलेल्या नानांकडं बघितलं.

“हवालदार, काय आहे हे?”

नाना भिंतीला धरून उठले. “सागवान, साहेब. दस्त्यात शिसं वतलंय. वजन बराबर यावं म्हणून.”

“तीन दिवस मार खाल्लात. तेव्हा का नाही बोललात?”

“काढणी चालली हुती, साहेब.”

बराच वेळ त्यांनी ती गाठ अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, “आमचा आजा तलवारींना धार लावायचा गावोगाव. त्यानं ही बघायला पाहिजे होती.” आणि शिपायाला पाठवलं, तक्रारदाराला ओळख पटवायला घेऊन या.

सर्जेराव मोटारसायकलवरून आले. दारातूनच त्यांनी टेबलाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

“हीच, साहेब! हीच ती!”

“नक्की?”

“ह्या डोळ्यांनी बघितलीय मी.”

“मग जवळ येऊन सांगा.”

सर्जेराव पुढं आले. फौजदारांनी रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली, फिरवली, मी जिथं नखानं खरवडलं होतं तिथं त्यांची नजर अडकली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कानापर्यंत लाल झाले.

“ही... ही लाकडाची हाय.”

“हो. तुम्ही लिहून दिलंय, प्रत्यक्ष पाहिली म्हणून.”

“पाहिली की.”

“कुठून?”

“गल्लीच्या तोंडावरनं.”

“मधे भिंत होती?”

“न्हाई.”

“कुत्रं होतं? हवालदारानं अडवलं?”

“न्हाई.”

“उलट यांनी तुम्हाला चहाला बोलावलं, लायसन बघायला बोलावलं, असं हे म्हणतात. बोलावलं होतं?”

सर्जेराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले.

“बोलावलं हुतं,” ते हळू म्हणाले.

“मग हत्याराचा संशय होता, तर चार पावलं आत का गेला नाहीत?”

ते उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोलिसांना, मला, काकीला, फौजदारांनाही. फक्त ते उत्तर फौजदारापुढं उच्चारलं तर त्याला कायद्यात कलम होतं. रायफल अजून त्यांच्याच हातात होती, ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

तेव्हा नाना लंगडत पुढं आले आणि त्यांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, अलगद, लेकराकडून काच काढून घ्यावी तशी.

“साहेब, तेवढं इचारू नका त्यास्नी,” नाना म्हणाले. “त्ये आत आलं आसतं तर आमची ज्वारी गेली आसती.”

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती रायफल माझ्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. खरवडलेल्या जागी मी रंग दिला नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिच्यावर जाते. पावलं उंबऱ्याशी थांबतात आणि तिथूनच विचारतात, “खरी आहे का हो?”

मी म्हणतो, “आत या. चहा घ्या.”